आमच्या पत्त्यावरचे अकरा जण

आमच्या क्वेकर्स हिलच्या घरात माणसं दोन, मी आणि यादवराव. कागदोपत्री मात्र तिथे तेरा जण राहत होते. वरचे अकरा ही यादवरावांची कृपा.

सिडनीला आपल्याकडचं पोरगं शिकायला आलं, की पहिली दोन वर्षं त्याचा पाय एका जागी ठरत नाही. आज हॅरिस पार्कला कुणाच्या तरी हॉलमध्ये गादी टाकलेली, पुढच्या महिन्यात वेस्टमीड, त्यानंतर ब्लॅकटाउन. युनिव्हर्सिटीला आणि बँकेला मात्र पहिल्या दिवसापासून पत्ता लागतो. मग यादवराव एअरपोर्टवरून पोराला आणतानाच गाडीत सांगून टाकायचे, "पत्ता आमचा दे. आम्ही काही कुठं जात नाही." पोरगं खूश. त्याचं बिऱ्हाड नंतर कुठेही हलो, पत्रं आमच्याकडे यायची. दर रविवारी कुणी ना कुणी पत्र न्यायला यायचं आणि जेवून जायचं.

याला कारण आहे, आणि ते मी तेहतीस वर्षं ऐकत आले आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ चालू होती तेव्हा हे कॉलेजात होते. मोर्चे काढले, निवेदनं दिली, सत्याग्रहात चौदा दिवस आत जाऊन आले. सुटून आले तर होस्टेलच्या खोलीत दुसराच मुलगा. मग महिनाभर आज या मित्राकडे, उद्या त्या मित्राकडे. परीक्षेचं हॉल तिकीट टपालानं आलं ते जुन्या खोलीवर, आणि कुणी यांच्यापर्यंत पोचवलंच नाही. वर्ष गेलं. तेव्हापासून यांचं पक्कं मत, विद्यार्थी एक वेळ उपाशी राहील, पण त्याला पत्ता पाहिजे. उपाशी राहण्याचा प्रश्न नव्हताच म्हणा, कारण स्वयंपाक मी करत होते.

मी बोलायची नाही असं नाही. "अहो, कधीतरी अंगाशी येईल हे," असं मी वर्षातून चारदा म्हणायची. यादवराव हसायचे. पोरं "काकू, भरीत एक नंबर" म्हणायची, आणि माझाही राग भरतासोबत संपायचा. पण लष्कराच्या भाकऱ्या भाजता भाजता एक दिवस खरंच लष्कर दारात आलं.

ऑगस्ट दोन हजार एकवीस. आमच्या पश्चिम सिडनीत कडक लॉकडाऊन. पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि रोज सकाळी अकराला टीव्हीसमोर बसून आजचा आकडा ऐकायचा. पॅरामॅटाच्या सरकारी खात्यातली माझी नोकरी घरून चालली होती. मुलगा तनय नोकरीसाठी मेलबर्नला. त्याच्या खोलीत मी ऑफिस थाटलं होतं. बुधवारी सकाळी एका मीटिंगमध्ये होते, तेवढ्यात बेल वाजली. यादवराव लुंगी-बनियनवर तोंडाला मास्क लावून गेले.

दारात एक पोलीसबाई आणि तिच्या मागे हिरव्या गणवेशातला एक जवान. दोघंही विशी-पंचविशीतले, मास्कमधून नुसते डोळे दिसत होते. पोलीसबाईनं हातातल्या टॅबलेटवर बघून विचारलं, "अतुल इथे राहतो ना? त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. तो घरात आहे का, एवढं बघायला आलोय."

अतुल म्हणजे आमच्या अकरांतला एक, आयटीचा मास्टर्स करणारा, राहायला वेस्टमीडला. आता शहाण्या माणसानं काय सांगावं? यादवराव म्हणाले, "ही इज नॉट ॲट होम."

पोलीसबाई एकदम ताठ झाली. पॉझिटिव्ह माणूस घरात नाही! "कुठे गेलाय?"

"नो नो, ही नेव्हर स्टेज ॲट होम," यादवराव म्हणाले, त्याची बाजू सावरावी म्हणून.

मी मीटिंग म्यूट केली आणि धावले. तोपर्यंत तिनं पुढची यादी वाचायला घेतली होती. करुणा, प्रणव, मयूरा, अशी आणखी दहा नावं. हे सगळेही आत आहेत का, कारण एका घरात पॉझिटिव्ह निघाला की बाकीच्यांनी चौदा दिवस बाहेर पडायचं नसतं. यादवरावांनी माझ्याकडे बघितलं. मोर्चावर लाठीमार झाला तेव्हाही ते असे दिसले नसतील.

मी सगळं खरं सांगून टाकलं. घरात दोनच माणसं आहेत, बाकीच्यांची फक्त पत्रं येतात, अतुल वेस्टमीडला असतो, हा घ्या फोन. तिनं तिथल्या तिथे अतुलला फोन लावला. तो पांघरुणातून खोकत बोलला, व्हिडिओवर खोली दाखवली. जवानाला हसू आवरत नव्हतं, मास्कवरूनसुद्धा कळत होतं. पोलीसबाईनं मात्र जाताना बजावलं, "प्रत्येकाचा पत्ता बरोबर करा, मॅम. आजच. आम्ही माणसं शोधत फिरतोय, पत्रं नाही."

ती गेली आणि मी यादवरावांकडे वळले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते लुंगी सावरत गेले आणि व्हॉट्सॲपवर अकरा जणांना पत्ते बदला म्हणून कळवत बसले.

दहा जणांचं काम तासा-दोन तासांत झालं. अकरावी होती करुणा.

करुणा नागपूरची. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, राहायला हॅरिस पार्कला, दोन खोल्यांत सहा जण. दुपारी तिचा फोन आला. "जय भीम, काकू. काका आहेत?" एरवी तिचा आवाज एवढा खणखणीत की फोन कानापासून लांब धरावा लागतो. आज ऐकायला कान लावावा लागला.

तिचं शेवटचं प्लेसमेंट सोमवारी सुरू व्हायचं होतं, चार आठवडे हॉस्पिटलमध्ये ड्यूटी, आणि मग ती नर्स. पण आमच्या पत्त्यावर पॉझिटिव्ह निघाला म्हणून युनिव्हर्सिटीनं तिचं नाव थांबवून ठेवलं. आता ती खरंच कुठे राहते आणि त्या घरात आणखी कोण कोण आहे, हे त्या घराच्या मालकानं किंवा भाडेकरूनं लिहून सही करून द्यायचं होतं, शुक्रवारी बारा वाजेपर्यंत. नाहीतर पुढची बॅच फेब्रुवारीत, आणि तिचा व्हिसा डिसेंबरात संपत होता.

"मग तुझ्या त्या विलासची सही घे की," मी म्हटलं. फ्लॅटचं लीज विलास नावाच्या मुलाच्या नावावर होतं.

"विचारलं काकू. तो म्हणतो, लीजवर दोनच नावं आहेत. सहा जण लिहून दिले तर ओनर सगळ्यांनाच बाहेर काढेल, या लॉकडाऊनमध्ये. त्याचंही खोटं नाहीये ना."

यादवरावांनी फोन माझ्या हातून घेतला. "काळजी करू नको, पोरी. उद्या दुपारी मीटिंग बोलावतो."

चळवळीतल्या माणसाला संकट आलं की आधी मीटिंग सुचते. गुरुवारी अडीच वाजता झूमवर अकरा चौकोन उघडले. यादवराव इस्त्रीचा शर्ट घालून बसले, खाली लुंगीच. मी लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, मेथी निवडत होते. त्यांनी भाषण सुरू केलं. विद्यार्थ्याच्या अडचणीची विद्यापीठाला जाणीव करून दिली पाहिजे, कुलगुरूंना सविस्तर निवेदन दिलं पाहिजे, खाली आपल्या सगळ्यांच्या सह्या, आणि एका शिष्टमंडळानं... पाच मिनिटं झाली तरी समोरून हूं नाही की चूं नाही.

"काका, यू आर ऑन म्यूट!" प्रणव दोन्ही हात हलवत ओरडत होता. हा पुण्याचा, इंजिनिअरिंगचा मुलगा. मी उठून बटण दाबलं आणि यादवरावांनी भाषण पहिल्यापासून सुरू केलं.

"काका, सॉरी हं," प्रणवनं मध्येच तोडलं. "निवेदन वाचणार कोण? व्हीसीचा ऑटोरिप्लाय येईल, दहा वर्किंग डेज. तिला सही उद्या बारापर्यंत हवीय. तुम्हीच करा ना सही. तिचा पत्ता तसाही तुमचाच आहे. करुणा काका-काकूंकडे राहते, घरात तीन माणसं, सगळे फिट. संपलं. नो वरीज."

सगळे चौकोन एकदम हलले. हो काका, बेस्ट काका, करून टाका. यादवरावांनी खिशाचं पेन काढलंसुद्धा.

"सही होणार नाही," मी मेथीच्या ढिगाआडून म्हणाले.

यादवराव हळूच म्हणाले, "पद्मा, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"आणि हॉस्पिटलातल्या माणसांच्या आयुष्याचा? काल पोलीस येऊन गेले, आज तुम्ही खोटं लिहून देणार? ही तिकडे सहा जणांत राहणार, त्यातले दोघं डिलिव्हरी करणार, एक चिकनच्या फॅक्टरीत जाणार, आणि कागदावर ही आमच्या घरात मजेत! उद्या तिच्याकडून एखाद्या म्हाताऱ्याला झालं म्हणजे?"

माझा आवाज चढला की मला थांबता येत नाही. मुलांनी माना खाली घातल्या. आणि मग करुणाचा चौकोन उजळला.

"काकू बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "आय विल बी अ नर्स, यार. असलं खोटं लिहून मी वॉर्डमध्ये कशी जाऊ? मी थांबेन फेब्रुवारीपर्यंत."

"व्हिसाचं काय करशील?" प्रणवनं विचारलं.

"बघू," ती म्हणाली आणि हसली. ते हसणं मला मुळीच बघवलं नाही. मीटिंग संपली, कुणी घोषणा दिल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी मेथीला फोडणी घातली आणि यादवरावांवर चिडले. खरं तर मी माझ्यावरच चिडले होते, पण नवरा समोर असताना माणूस स्वतःवर कशाला चिडेल? "अकरा जणांना घरचा पत्ता वाटलात," मी म्हटलं, "पण एकदा तरी म्हणालात का, की पोरीला खरंच इथे घेऊन येऊ? तनयची खोली आहे. ती आली की पत्ता खरा, कागद खरा, सही खरी. एवढं साधं सुचलं नाही तुमच्या शिष्टमंडळाला?"

यादवराव ताटाकडे बघत म्हणाले, "कालच सुचलं होतं. पण तुला न विचारता अकरा जण आणले या घरात, पद्मा. हे विचारायची हिंमत झाली नाही. आणि ती रोज हॉस्पिटलातून येणार. तुला भीती वाटते, मला माहीत आहे."

वाटत होतीच. का वाटू नये? यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. लस दोघांनी घेतली होती, पण रोज अकरा वाजता आकडा ऐकला की मी हात पुन्हा धुवून यायची. एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ औरंगाबादला कोरोनानं गेला. त्याच्या बेचाळीस दिवस आधी आमच्याशी तासभर गप्पा मारलेला माणूस. विमानं बंद, सरहद्द बंद, मी इथे स्वयंपाकघरात उभी राहून त्याला निरोप दिला. तेव्हापासून कुणी दारात शिंकलं तरी मी खिडकी लावायची. मी दुसऱ्यांच्या पोरांना पोटभर जेवू घालत होते ते ठीक, पण त्या रोगाला आपण होऊन उंबऱ्याच्या आत घ्यायचं?

मी जेवले नाही. भांडी आपटत घासली. मग तनयच्या खोलीत गेले आणि ऑफिसचा मॉनिटर उचलून डायनिंग टेबलावर आणून ठेवला. खुर्ची आणली. वायर ओढत आणली. यादवराव उठून टेबल पुसायला लागले, तर म्हटलं, "तुम्ही राहू द्या, स्टेंट सांभाळा. पोरीला फोन लावा. आणि आधी सांगा, आजच टेस्ट करून ये म्हणावं. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरच घरात."

लॉकडाऊनमध्ये घर बदलायला परवानगी आहे की नाही, हे मी सरकारी वेबसाइटवर तीनदा वाचलं. होती. करुणा टेस्टच्या ड्राइव्ह-थ्रूला गाड्यांच्या रांगेत दोन तास पायी उभी राहिली. तिथल्या माणसानं म्हणे गाडीची खिडकी खाली करा असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. शुक्रवारी सकाळी सव्वानऊला रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिनं स्क्रीनशॉट पाठवला, त्याखाली दहा जणांचे अंगठे.

यादवराव गाडी घेऊन तिला आणायला गेले. मास्क, चारही काचा उघड्या, ऑगस्टातली थंडी, आणि ती मागच्या सीटवर कोपऱ्यात. सव्वादहाचे साडेअकरा झाले तरी पत्ता नाही. सोफ्यावरून खिडकीत, खिडकीतून सोफ्यावर, माझ्या येरझाऱ्या. बारा वाजता सगळं संपणार होतं. अकरा पस्तीसला गाडी वळली. वाटेत पोलिसांनी थांबवलं होतं, आणि यादवरावांनी कुठे चाललात याचं उत्तर नामांतरापासून द्यायला सुरुवात केली असणार, मला खात्री आहे. शेवटी करुणानंच रिपोर्ट आणि सामान दाखवून सोडवलं.

दोन बॅगा, एक कुकर, बुद्धाची वीतभर मूर्ती टॉवेलात गुंडाळलेली, आणि पुस्तकांचं खोकं. एवढा तिचा संसार. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. आत यायला पाय उचलेना.

"काकू, मी बाथरूम लाँड्रीतलंच वापरेन. जेवण खोलीत. आल्यावर कपडे बाहेरच्या बाहेर मशीनला. तुम्हाला दिसणारसुद्धा नाही मी." पाठ करून आल्यासारखं बोलली. मग थांबून म्हणाली, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," मी म्हटलं. "रात्रभर झोप नाही लागली."

"मग का बोलावलं?"

वेळ नव्हता. पंधरा मिनिटं उरली होती, यादवराव प्रिंटरशी झगडत होते. पण तिनं असं सरळ विचारलं, आणि जे मी यादवरावांनाही सांगितलं नव्हतं ते दारातच तोंडातून गेलं. भाऊ गेला त्या दिवशी आयसीयूतून व्हिडिओ कॉल आला होता. त्याला फोन धरवत नव्हता. निळ्या प्लास्टिकमध्ये आपादमस्तक गुंडाळलेल्या एका मुलीनं तो धरला होता, एका हातानं, वीस मिनिटं. तो फक्त बघत होता, मी बोलत होते, लहानपणचं काहीबाही. मध्ये एकदा फोन हलला, आणि ती म्हणाली, "ताई, सॉरी हं, हात भरून आला, आता दुसऱ्या हातानं धरते." तुझ्याच वयाची असेल. तिचं नाव विचारायचं राहिलं. तीसुद्धा ड्यूटी करून कुणाच्या तरी घरी जात असेल. त्या घरानं तिला आत घेतलं असेल, म्हणून ती दुसऱ्या दिवशी आली असेल.

करुणानं दारातच चपला काढल्या, सॅनिटायझर कोपरापर्यंत चोळलं आणि आत आली.

यादवराव कागद घेऊन आले. प्रिंटरनं अखेर हार मानली होती. "घे," म्हणाले आणि पेन माझ्यापुढे धरलं. "माझ्या सहीवर पोलिसांचा आता विश्वास राहिला नाही."

मी कागद वाचला. सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. सरकारी नोकरीत चोवीस वर्षं काढलीत, न वाचता सही करत नाही. घराचा पत्ता. घरात राहणाऱ्या माणसांची संख्या. मी तीन लिहिलं. नावं लिहिली, माझं, यांचं, तिचं. मग सही करायला लागले तर पेन कागदावर नाचायला लागलं.

"काकू, तुमचा हात थरथरतोय," करुणा सहा फुटांवरून म्हणाली.

"थरथरू दे," मी म्हटलं. "सही खरी आहे."